तिसरी वायर

चाकांवरचं घर मला नवं नव्हतं. लहानपणीच्या किती तरी सुट्ट्या मी एका ट्रकमध्ये काढल्या आहेत. माझे अब्बा टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. दिवाळी उरकली की तंबू, खांब, पडदा, लाउडस्पीकर, रिळांच्या पत्र्याच्या पेट्या असं सगळं ट्रकवर चढायचं आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत फिरायचं. एका ट्रकच्या हौद्यातच मशीन बसवलेलं होतं. मशीनच्या मागं हातभर जागा उरायची. तिथं अब्बांची वळकटी, स्टोव्ह, तांब्याचा लोटा आणि खुंटीला अडकवलेली नमाजाची चटई. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की अम्मी मला एस.टी.त बसवून द्यायची आणि मी त्या ट्रकमध्ये राहायला जायचो. सातारा-सांगलीकडची निम्मी गावं मी त्या हौद्यातून पाहिली.

म्हणून २०२३च्या जूनमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेला लेकीकडं गेलो, आणि लेक म्हणाली, "अब्बू, या वेळी आपण आर.व्ही. घेऊन फिरायला जाऊ. झोपायला, स्वयंपाकाला सगळं गाडीतच असतं," तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, "मग मी तुमच्याआधी पन्नास वर्षं फिरून आलोय."

लेकीचं घर शिकागोच्या एका उपनगरात. तिथून मिशिगन सरोवराच्या काठाकाठानं उत्तरेला स्लीपिंग बेअर नावाच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत जायचं, असा बेत होता. गाडी भाड्यानं घेतली. या गाड्यांचा धंदा तिकडं फार मोठा. शेजारच्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट म्हणून गाव आहे. त्या परिसरात या गाड्यांचे कारखानेच कारखाने आहेत आणि त्यांच्या इतिहासाचं एक संग्रहालयही आहे.

गाडी ताब्यात देताना तिथल्या माणसानं पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. निम्म्याहून जास्त वेळ विजेवरच गेला. पस्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, २०२१मध्ये निवृत्त झालो. त्यामुळं बाकीचे कंटाळले तरी मी कान देऊन ऐकत होतो. जावईही वही घेऊन उभे होते. जावई माझ्या बहिणीचेच चिरंजीव, त्यामुळं लग्नाआधीपासून मला मामू म्हणतात आणि अजूनही तेच म्हणतात.

या गाडीत विजेची दोन घरं असतात, हे आधी समजून घ्यावं लागतं. एक बारा व्होल्टचं. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅसची घंटा हे सगळं बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ही बॅटरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळी. म्हणजे रात्रभर दिवे जळाले तरी सकाळी गाडी सुरू होते. दुसरं घर बाहेरून येणाऱ्या विजेचं. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीतले सॉकेट त्यावर चालतात. तिकडं हा दाब १२० व्होल्ट असतो, आपल्यासारखा २३० नाही. मुक्कामाच्या जागेवर प्रत्येक गाडीसाठी एक बुटका खांब असतो. त्यावर पेटी, पेटीत ब्रेकर आणि सॉकेट. गाडीची जाडजूड केबल त्यात लावायची. एक कन्व्हर्टर या बाहेरच्या विजेचे बारा व्होल्ट करून बॅटरी भरत राहतो. बाहेर वीज नसेल तर गाडीतला जनरेटर आहे. पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून तो चालू ठेवून झोपायचं नाही, हे त्या माणसानं दोनदा सांगितलं.

मग हिशेब सांगितला. आमची गाडी ३० अँपिअरची. १२० गुणिले ३०, म्हणजे ३६०० वॅट. एवढ्यातच भागवायचं. एअर कंडिशनरला साधारण दीड हजार, मायक्रोवेव्हलाही तेवढेच, केस वाळवायच्या यंत्रालाही तेवढेच. दोन एका वेळी चालतील, तिन्ही लावली की ब्रेकर पडणार. माझ्या दहावीच्या पोरांना हे गणित किती आवडलं असतं, असं मनात आलं.

बॅटरीचंही तसंच. मीटरवर १२.७ दिसलं तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. नव्या लिथियमच्या बॅटऱ्यांना हे बंधन तेवढं नाही. अब्बा असते तर हे सगळं त्यांनी मीटरशिवाय, नुसत्या दिव्याच्या उजेडावरून सांगितलं असतं.

शेवटी त्या माणसानं एक पिवळा डबा दाखवला. चपटा, वीतभर लांब. तो आधी खांबाच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि त्यात गाडीची केबल. तो आधी खांबावरची वीज तपासतो. दाब कमी-जास्त असेल, वायरी उलट्यापालट्या असतील, अर्थिंग नसेल तर तो वीज गाडीत सोडतच नाही, लाल दिवा लावून बसतो. जावयांनी वहीत लिहून घेतलं.

पहिले दोन दिवस उत्तम गेले. वाटेत एका ठिकाणी जावयांचे ओळखीचे गृहस्थ राहत होते. त्यांनी गाडी आपल्याच अंगणात लावा म्हणून आग्रह केला. त्यांच्या गॅरेजमध्ये तीन पिनांचा एक मोठा सॉकेट होता आणि तो आमच्या प्लगसारखाच दिसत होता. पण गाडीवाल्यानं नेमकं याच्याविषयी बजावलं होतं. तिकडं कपडे वाळवण्याच्या मशीनचा जुना सॉकेट असाच दिसतो, आणि त्यात २४० व्होल्ट असतात. कधी कधी चांगले इलेक्ट्रिशियनसुद्धा ३० अँपिअरचा आर.व्ही. सॉकेट त्याच समजुतीनं जोडतात. मग गाडीतली एकूण एक वस्तू क्षणात जळते. आम्ही ती रात्र बॅटरीवर काढली. जावई सावध माणूस आहेत, हे सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे. पुढं जे झालं ते निष्काळजी माणसाच्या हातून झालेलं नाही.

तिसऱ्या रात्री सरोवराकाठच्या एका मुक्कामावर पोहोचायला दहा वाजून गेले. तिकडं जूनमध्ये सूर्यच साडेनऊला मावळतो. दिवसभर उकाडा आणि संध्याकाळपासून पाऊस. नातू सहा वर्षांचा, झोपेनं चिडचिडा झालेला. जावई छत्री घेऊन केबल लावायला उतरले. बराच वेळ गाडीत काही चालू होईना. मग एकदम एअर कंडिशनर घुमला. नातवानं टाळ्या वाजवल्या. जावई भिजून आत आले, तो पिवळा डबा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी बेसिनखालच्या कप्प्यात टाकला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामू, हा डबा बिघडलाय वाटतं. लाल दिवा लावून बसतोय, वीजच सोडत नाही. थेट लावलं तर सगळं नीट चालतंय. उद्या ऑफिसमध्ये विचारू."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. डबा बिघडलाय की डबा खरं सांगतोय, एवढाच प्रश्न मी विचारायला हवा होता. पण रात्र झाली होती, पोर दमलं होतं, आणि जावयाला उलट प्रश्न कसा विचारायचा, असंही वाटलं असेल. मी इशा पढलो आणि झोपलो.

पहाटे पाचला जाग आली. गाडीतल्या छोट्या बेसिनवर पाणी सांडलं असतं आणि सगळ्यांची झोपमोड झाली असती, म्हणून बाटली घेऊन बाहेर आलो. चपला पायरीपाशी काढल्या, गवतावर बसून वजू केला. गवत पावसानं आणि दवानं चिंब होतं. पाय धुऊन उठलो आणि आत जायला दाराशेजारच्या धातूच्या दांडीला हात घातला.

बोटांत झिणझिण झाली.

फार नाही. मुंग्या याव्यात तेवढीच. दुसऱ्या कुणी हात झटकला असता आणि पुन्हा धरला असता. माझा हात आपोआप मागं आला आणि मी तसाच दोन पावलं मागं सरकलो. त्या क्षणी दार उघडलं आणि नातू डोळे चोळत दारात उभा राहिला. अनवाणी. एका हातानं त्यानं तीच दांडी धरली आणि पायरीवर उतरला.

"तिथंच थांब!" मी ओरडलो. माझा तसला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "खाली पाय ठेवू नकोस! दांडी सोड, आत जा! आत!"

तो घाबरून रडत आत पळाला. सगळी गाडी जागी झाली. मी म्हटलं, "कुणीही खाली उतरायचं नाही." पायांत रबरी चपला घातल्या, खांद्यावरच्या कोरड्या पंचानं हात कोरडे केले, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातानं खांबावरचा ब्रेकर पाडला. मग केबल ओढून काढली.

डावा हात खिशात घालायचं मला अब्बांनी शिकवलं होतं. विजेच्या जागी एकाच हातानं काम करायचं. दोन्ही हात गुंतले की करंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि मधे काळीज असतं.

नातू पायरीवर उभा असताना त्याला काहीच झालं नव्हतं. हात गाडीला, पायही गाडीला. तारेवर बसलेल्या चिमणीसारखं. गाडीच्या बॉडीला करंट आला की आत बसलेला माणूस सुखरूप असतो, आणि दूर उभा असलेलाही. मरतो तो मधला. ज्याचा हात गाडीला आहे आणि पाय जमिनीला. घर जमिनीला धरून असतं, गाडी रबराच्या टायरांवर उभी असते. तिचा जमिनीशी विजेचा संबंध फक्त एका वायरीनं असतो. ती वायर तुटली की उतरणारा माणूसच वायर होतो.

हे मी वर्गात पस्तीस वर्षं शिकवलं. विद्युतयुक्त तार, तटस्थ तार आणि भूसंपर्क तार. फेज, न्यूट्रल आणि अर्थ. पहिल्या दोन वायरी काम करतात. तिसरी काहीच करत नाही, नुसती असते. कधी यंत्राच्या आत फेज सुटून पत्र्याला टेकली, तर ती सगळा करंट जमिनीकडं घेऊन जाते, त्या लोंढ्यानं फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. मी पोरांना आकडे लिहून द्यायचो. एक मिलीअँपिअर करंट अंगातून गेला तर कळतो. दहाच्या पुढं मूठ आवळते, सोडवता येत नाही. पन्नासच्या पुढं काळजाचा ठोका चुकून माणूस जाऊ शकतो. आणि शंभर वॅटच्या साध्या बल्बमधून चारशेहून जास्त वाहत असतो. पोरं आ वासून पाहायची. पण हे सगळं मला कुठं कळलं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. घरातही नाही. त्या सकाळी मिशिगनच्या त्या ओल्या गवतात, लाकडी बाकावर बसून, पहिल्यांदा जावयांना सांगितलं.

१९७४चा मे महिना. मी अकरा वर्षांचा. माणदेशातल्या एका गावची यात्रा होती. आमच्या ट्रकवर पाणी भरायला, चहा आणायला एक पोरगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याला बाप नव्हता. सगळे त्याला बारक्या म्हणायचे. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या ठिणगीचा उजेड पडद्यावर पडायचा. जळून उरलेले तांब्याच्या मुलाम्याचे तुकडे बारक्या माझ्यासाठी डब्यात साठवून ठेवायचा. त्यांनी फरशीवर काळ्याभोर रेघा उठायच्या.

त्या दिवशी दुपारी वळीव कोसळला. मैदानात चिखल झाला, पण रात्री आकाश मोकळं झालं आणि तंबू गच्च भरला. गावात वीज होती, म्हणून जनरेटर बंद ठेवून पोलावरून लाइन घेतली होती. ट्रकच्या चासीला एक वायर बोल्टनं कसलेली होती, ती खाली जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला जात होती. ती वायर अब्बांनीच लावलेली. दर गावी पोहोचल्यावर ते आधी कांब ठोकायचे, तिच्या बुडाशी मीठ टाकून पाणी ओतायचे, मग बाकीचं.

मध्यंतरानंतर फ्यूज उडाला. अब्बांनी तार बदलली. दहा मिनिटांत पुन्हा उडाला. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा खुर्च्या मोडल्याचा आवाज आला. मालक धावत आला, अब्बांना वाटेल ते बोलला. कुठं तरी वायरीचं कातडं सोलून फेज ट्रकच्या बॉडीला टेकली होती, आणि जमीन ओली असल्यानं कांब चांगला करंट ओढत होती. आज मला हे कळतं. अब्बांना तेव्हाच कळलं होतं. बिघाड शोधायला तास लागला असता.

अब्बा खाली उतरले. मला म्हणाले, "बेटा, बॅटरी पकड." मी बॅटरीचा उजेड धरला. त्यांनी पान्यानं तो बोल्ट सैल केला आणि चासीवरची वायर काढून बाजूला टाकली. नवा फ्यूज घातला. या वेळी तो उडाला नाही. पडद्यावर चित्र आलं, पब्लिक शांत झालं. अब्बा मला म्हणाले, "ट्रक को हाथ मत लगा. सुबह देखेंगे."

मला सांगितलं. बारक्या पाणी आणायला गेला होता, त्याला कुणी सांगितलं नाही.

तो पाण्याची बादली घेऊन आला. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. बादली वर द्यायला त्यानं दुसऱ्या हातानं फाळक्याची लोखंडी साखळी धरली. ओरडला नाही. मूठ आवळलेली माणसं ओरडू शकत नाहीत. मी चार हातांवर होतो. अब्बा वर फळीवर उभे होते, त्यांना काही झालं नाही. त्यांनी मेन स्विच ओढला तेव्हा तो खाली पडला. कुणी म्हणालं मातीत पुरा, कुणी म्हणालं तळवे चोळा. छाती दाबून काळीज चालू ठेवता येतं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथवर सांगून मी थांबलो. जावयांना वाटलं, संपलं. पण एक गोष्ट राहिली होती.

पोलीस पाटील यायच्या आधी अब्बांनी मला पुन्हा हाक मारली. मी पुन्हा बॅटरी धरली. त्यांनी ती वायर चासीला लावून बोल्ट कसला. त्यांचे हात कापत होते, पाना दोनदा खाली पडला. पंचनाम्यात अर्थिंगची वायर जागेवर होती. विजेच्या धक्क्यानं अपघाती मृत्यू, एवढंच कागदावर राहिलं.

त्या हंगामानंतर अब्बांनी टॉकीज सोडली. एस.टी. स्टँडजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकलं. ट्रकचे दिवे, डायनॅमो, सेल्फ, हॉर्न. घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी ते दुसऱ्या वायरमनला बोलवायचे. म्हणायचे, "अपना बारा व्होल्टच अच्छा." पण बारा व्होल्टला ते निरुपद्रवी समजत नसत. बॅटरीच्या दोन टोकांना पाना टेकला की तो लाल होतो. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर अंगठीच्या आकाराचा जळल्याचा डाग होता, तो असाच पडलेला. "बारा मारता नहीं, जलाता है," असं ते दुकानातल्या पोरांना सांगायचे. दर महिन्याला बारक्याच्या आईला मनीऑर्डर जायची. फॉर्म मी लिहायचो. १९९८मध्ये अब्बा गेले. त्याआधी दोन वर्षं ती बाई गेली होती. त्या रात्रीबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी एकदाही बोललो नाही.

जावई बराच वेळ खाली पाहत बसले. मग उठून गाडीत गेले आणि बेसिनखालून तो पिवळा डबा घेऊन आले. तो बिघडलेला नव्हताच.

आठ वाजता मुक्कामाचा मिस्त्री आला. साठीचा गोरा माणूस, पट्ट्याला हत्यारं लटकवलेली. त्यानं आधी पेनासारखा एक टेस्टर काढला. तो वस्तूला न टेकवता जवळ नेला तरी वीज असेल तर वाजतो. गाडी दोन मिनिटं पुन्हा जोडून त्यानं तो दाराजवळ नेला. वाजला. मग मीटरची एक टोकणी गाडीच्या धातूला आणि दुसरी जमिनीत लावली. अठ्ठावन्न व्होल्ट. वीज बंद करून त्यानं खांबावरची पेटी उघडली. सॉकेटची अर्थची पकड जळून काळी पडली होती, वायर नुसती शेजारी लोंबत होती. तिकडं काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. इकडचा वायरमन तिकडं गेला तर पहिल्याच दिवशी फसेल. हिरवी तेवढी दोन्हीकडं अर्थची.

पण नुसतं अर्थिंग गेल्यानं बॉडीत करंट येत नाही. गाडीत दुसरा दोष असावा लागतो. तो निघाला पाणी तापवायच्या टाकीत. तिच्या विजेच्या कॉइलला चीर पडून तिच्यातून थोडा थोडा करंट झिरपत होता. आधी जिथं बाहेरची वीज जोडली होती तिथं अर्थिंग शाबूत होतं, म्हणून आम्हाला काही कळलंच नाही. अर्थची वायर तो झिरपा गुपचूप घेऊन जात होती. मिस्त्री म्हणाला, झिणझिण आज लागली, कॉइल आणखी फुटली असती तर उद्या झिणझिण लागली नसती. त्यानं कॉइलची जोडणी सोडवून ठेवली, सॉकेट नवा बसवला. जावयांनी डबा लावला. हिरवा दिवा लागला.

पुढचे चार दिवस त्यांनी एक नेम पाळला. पोहोचल्यावर आधी खांबावरचा ब्रेकर बंद. मग डबा, मग केबल, मग ब्रेकर चालू. डब्यानं हो म्हटलं, की पायांत बूट घालून पेनटेस्टर दाराजवळ. तोवर आतून कुणी खाली उतरायचं नाही. निघताना सगळं उलट्या क्रमानं. नातवाला तो खेळच झाला. तो दारातून ओरडायचा, "नाना, उतरू?" आणि मी म्हणायचो, "उतर."

परत आलो तेव्हा आमच्याकडंही हे वारं पोहोचलेलं होतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अब्बांचं दुकान आता माझा पुतण्या चालवतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकासाठी टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करायचं काम त्याच्याकडं आलं होतं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, छतावर सोलर, लिथियमची बॅटरी आणि दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर. बारा व्होल्टचं काम त्यानं सुरेख केलं होतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, जाड केबली, सगळ्या क्लिपांनी बांधलेल्या. दोन हजार वॅट बारा व्होल्टवर ओढायचे म्हणजे पावणेदोनशे अँपिअर. तिथं बारीक वायर टाकली तर गाडी पेटायचीच. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. हे त्याच्या आजोबांनी या दुकानात मुरवलं आहे.

मग मी बाहेरची वीज घ्यायची जागा पाहिली. त्यानं दोन पिनांची सोय केली होती. "चाचा, ढाब्यावर, लॉजवर तीन पिनांचा सॉकेट नीट असतोय कुठं? असला तरी तिसऱ्या भोकात वायर असतीच असं नाही."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्याकडं तिसरी पिन कापून टाकलेले प्लग मी किती तरी पाहिले आहेत. मराठवाड्या-विदर्भाकडं दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कुलरला हात लावून माणसं जातात, ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली. तीच गोष्ट. पण जिथं बाहेरच्या अर्थिंगचा भरवसा नाही, तिथं गाडीत ते जास्तच हवं, कमी नव्हे. मी त्याला यादी करून दिली. बाहेर सोळा अँपिअरचा तीन पिनांचा इनलेट. आत शिरल्याबरोबर तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी. गेला करंट आणि आला करंट यांत फरक पडला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. बाहेर अर्थिंग नसलं तरी तो माणूस वाचवू शकतो, फक्त धक्का आधी माणसाला बसतो. म्हणून तो अर्थिंगच्या जोडीला लावायचा, अर्थिंगच्या ऐवजी नाही. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. सगळ्या पत्र्याच्या वस्तू, इन्व्हर्टरची बॉडी आणि गाडीची चासी हिरव्या वायरीनं एकत्र जोडायच्या. आणि एक साधा सॉकेट टेस्टर गाडीसोबतच द्यायचा, गिऱ्हाइकानं मागो न मागो.

आठवड्यानं पुतण्याचा फोन आला, काम झालंय, बघून जा. गेलो. इनलेट बसला होता, आरसीसीबी बसला होता. मी बटण दाबलं, खट्‌कन पडला. मग गुडघे टेकून गाडीखाली वाकलो. चासीला हिरवी वायर बोल्टनं कसलेली होती. पत्र्याचा रंग खरवडून नीट कसलेली. बोल्टला हात लावून पाहिला, हलत नव्हता.

"चाचा, कितना चेक करते! मैंने टाइट किया ना," पुतण्या म्हणाला.

दुकानात अब्बांचा जुना स्टूल अजून आहे. मी त्यावर बसलो आणि समोरचा डबा त्याच्याकडं सरकवला.

"बैठ," मी म्हटलं. "तुझ्या दादांची एक गोष्ट सांगतो."